शाबासकी आणि साक्ष

कार्यालयातले संबंध बिघडले, चांगली माणसे सोडून जाऊ लागली, दोन विभागांतले बोलणे बंद पडले, की हल्ली एक ठरलेला उपाय सुचवला जातो: कौतुक करा. व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात, मनुष्यबळ विभागाच्या परिपत्रकात, व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत हाच सल्ला असतो आणि त्याच्या जोडीला एक वाक्य हमखास येते की, कौतुकाला पैसे लागत नाहीत. माझा वाद या वाक्याशी आहे. देणाऱ्याला जे देताना काहीच सोडावे लागत नाही, त्यावर घेणाऱ्याने विश्वास का ठेवावा? कर्मचारी हा हिशेब बोलून दाखवत नाहीत, पण मनात करतात. म्हणून तर टाळ्या वाजत असताना मागच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे पाहून हसतात.

माझे म्हणणे असे की, कामाच्या ठिकाणचे संबंध शाबासकीने सुधारत नाहीत, साक्षीने सुधारतात. शाबासकी हे वरच्याने खालच्याला दिलेले बक्षीस असते. ते देणे न देणे त्याच्या मर्जीवर असते आणि दिल्यावर त्याची जबाबदारी संपते. साक्ष देणारा मात्र स्वतःला बांधून घेतो: हे काम हिने केले, मी ते पाहिले आणि विचारले जाईल तिथे मी हेच सांगेन. दोन्हींचे शब्द कित्येकदा तेच असतात. फरक पडतो तो शब्दांमागे बोलणारा किती उभा आहे याने.

१. सोप्या उपायाची वंशावळ

कौतुकाच्या उपायाला शास्त्राचा आधार आहे असे सांगितले जाते. तो आधार तपासला तर तीन टप्प्यांवर तो पातळ केलेला दिसतो.

पहिला टप्पा डेल कार्नेगींचा. १९३६ साली आलेल्या त्यांच्या सुप्रसिद्ध पुस्तकात मनापासूनच्या कौतुकाचा आग्रह आहे आणि त्याला लागूनच खुशामतीविरुद्ध स्पष्ट इशाराही आहे. पुढच्या सारांशांमध्ये आग्रह राहिला, इशारा गळाला.

दुसरा टप्पा हॉथॉर्नचा. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांचे तात्पर्य साधारणपणे असे सांगतात की, कामगारांकडे लक्ष दिले आणि उत्पादन वाढले. पण रिले जोडणाऱ्या ज्या स्त्रियांच्या छोट्या गटावर ही गोष्ट उभी आहे, त्यांची मजुरी मोजण्याची पद्धत बदलून त्या लहान गटाच्या उत्पादनाशी जोडली होती, विश्रांतीच्या वेळा बदलल्या होत्या आणि १९२८ च्या सुरुवातीला गटातल्या दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. इतके सगळे हलवल्यावर श्रेय एकट्या ‘लक्ष देण्याला’ कसे द्यायचे? त्याहून बोलका प्रयोग फारसा सांगितला जात नाही. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांचे निरीक्षण केले गेले. त्यांच्याकडेही लक्ष दिलेच जात होते, पण त्यांनी आपसांत ठरवलेल्या मर्यादेपलीकडे उत्पादन जाऊ दिले नाही. जास्त काम करून दाखवले तर दर कापतील किंवा माणसे कमी करतील अशी त्यांची समजूत होती. मंदीच्या दिवसांत ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. कारखान्याच्या हेतूवर भरवसा नसताना नुसत्या लक्ष देण्याने काही हलत नाही, हे त्या चौदा जणांनी दाखवून दिले.

तिसरा टप्पा आकड्यांचा. २००५ साली बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सियल लोसादा यांनी एका प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकात सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचे निर्णायक प्रमाण २.९०१३ असल्याचे मांडले. प्रशिक्षकांनी लगेच त्याचे सूत्र केले: एका टीकेमागे तीन कौतुके. २०१३ मध्ये निक ब्राऊन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी दाखवून दिले की, द्रवगतिशास्त्रातून उचललेल्या त्या समीकरणांना इथे काहीही आधार नाही. मग नियतकालिकाने लेखातला गणिती भाग मागे घेतला. सूत्र मात्र प्रशिक्षणवर्गांत अजून फिरते आहे. कौतुक मोजून वाटता येते ही कल्पना व्यवस्थापनाला एवढी सोयीची आहे की, तिचा पाया गेल्याची बातमी तिथवर पोहोचत नाही.

२. शाबासकीला दिशा असते

पाठ थोपटणारा हात नेहमी वरून येतो. साहेबांनी लिपिकाला ‘शाबास’ म्हटले तर ते प्रोत्साहन. लिपिकाने साहेबांना म्हटले तर आगाऊपणा, आणि गोड भाषेत म्हटले तर चमचेगिरी. एकच वाक्य बोलणाऱ्याच्या पदानुसार अर्थ बदलते, तेव्हा ते वाक्य कामाविषयी कमी आणि पदाविषयी जास्त बोलत असते. म्हणजे शाबासकी दर वेळी आठवण करून देते की, मोजणारा कोण आणि मोजला जाणारा कोण. ज्या कार्यालयातली तक्रारच मुळी ‘वरच्यांना काही कळत नाही’ अशी असते, तिथे वरच्यांनी अधिक वेळा मूल्यमापन केल्याने संबंध कसे सुधारणार?

रिचर्ड रायन यांनी १९८२ साली केलेल्या प्रयोगात हा भेद नेमका पकडला गेला. काम चांगले झाल्याची माहिती देणारी प्रतिक्रिया आणि ‘अपेक्षेप्रमाणे, करायला हवे तसे केलेस’ अशी लगाम खेचणारी प्रतिक्रिया यांचे परिणाम वेगळे निघाले. दुसऱ्या प्रकारात कामातला स्वतःचा रस घटला. आपल्याकडच्या बहुतेक शाबासक्या दुसऱ्या जातीच्या असतात. ‘छान, असेच चालू ठेवा’ यातला ‘चालू ठेवा’ हा हुकूम असतो. रविवारी येऊन काम संपवणाऱ्याचे सोमवारी कौतुक झाले, की पुढच्या रविवारची सोय झाली, हे सगळ्यांना समजते. हरभऱ्याच्या झाडावर चढवले जात असल्याची जाणीव चढणाऱ्याला नसते, असे फक्त चढवणाऱ्यालाच वाटते.

३. एकाचा सत्कार, बाकीच्यांचा हिशेब

महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी निवडून भिंतीवर फोटो लावण्याची पद्धत आता हॉटेलांपासून बँकांपर्यंत आहे. फोटो ज्याचा लागतो त्याला आनंद होतोच. पण सत्कार हे एकाला उद्देशून आणि सर्वांना ऐकू जाणारे विधान आहे, आणि संबंधांचा प्रश्न त्या ‘सर्वांचा’ असतो.

टिमथी गब्लर, इअन लार्किन आणि लामर पिअर्स यांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास अमेरिकेतल्या औद्योगिक लाँड्र्यांमधला आहे. त्यांतल्या एका ठिकाणी महिनाभर वेळेवर हजर राहणाऱ्यांचा जाहीर गौरव आणि सोडतीतून भेटकार्ड अशी योजना आली. उशिरा येणारे काही काळ सुधारले, पण संधी हुकली की पूर्ववत झाले. जे आधीपासून, कोणी न सांगता, वेळेवर येत होते त्यांची उत्पादकता मात्र घसरली. कारण उघड आहे. वर्षानुवर्षे त्यांनी पाळलेली शिस्त कोणाच्या नोंदीत नव्हती. योजनेने जणू जाहीर केले की, वेळेवर येणे ही आजपासून दखल घेण्याजोगी गोष्ट आहे; कालपर्यंतचे तुमचे येणे आम्हाला दिसले नव्हते. बक्षीस आले आणि साक्षीचा अभाव उघडा पडला.

याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. क्रिस्टियाने ब्राडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१६ मध्येच प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगतो की, माहिती भरण्याच्या कामात गटातल्या सर्वोत्तम तिघांनाच जाहीर शाबासकी दिली तेव्हा कामगिरी सर्वाधिक वाढली, आणि तीही मुख्यतः ज्यांना शाबासकी मिळाली नव्हती त्यांची. पण ते काम तीन तासांचे होते. माणसे एकदाच एकत्र आली आणि पांगली. तीन तासांत चढाओढ उपयोगी पडते, यात वाद नाही. दहा वर्षे शेजारच्या खुर्चीत बसायचे असेल, सुट्टीत एकमेकांचे काम सांभाळायचे असेल, तेव्हा प्रश्न बदलतो. उत्पादन वाढणे आणि संबंध सुधारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा पुरावा दुसरीच्या खात्यात जमा करता येत नाही.

४. साक्षीच्या चार अटी

मग साक्ष म्हणजे नेमके काय? मला तिच्या चार अटी दिसतात.

पहिली अट, पाहिलेले असणे. काम न पाहता केलेली स्तुती ही ऐकीव माहिती असते. वरिष्ठाला काम कळत नसेल तर त्याने केलेले कौतुक त्याला स्वतःलाही खटकते आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून कौतुकाआधी काम समजून घेण्याचे कष्ट येतात. हाच तो खर्च, जो ‘पैसे लागत नाहीत’ म्हणताना विसरला जातो.

दुसरी अट, तपशील. ‘तुमची टीम ग्रेट आहे’ हे कोणत्याही टीमला म्हणता येते. ‘पुरवठादाराने बिलात दर बदलला होता, तो तुम्ही मागच्या वर्षीच्या करारावरून पकडला’ हे एकाच व्यक्तीला म्हणता येते. तपशील आला की स्तुती खोटी पाडता येण्याजोगी होते आणि म्हणूनच खरी वाटते. शिवाय तपशिलात त्या कामात हात असलेल्या इतरांची नावेही आपोआप येतात. तपशिलाशिवायच्या स्तुतीत आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायला भरपूर जागा असते.

तिसरी अट, योग्य ठिकाणी आणि उघडपणे दिलेली असणे. माणसाच्या तोंडावर केलेल्या स्तुतीने त्याचा दिवस चांगला जातो. त्याचे भवितव्य ठरते ते बढतीच्या बैठकीत, फाइलवरच्या टिपणात, वार्षिक अहवालातल्या शेऱ्यात. या भेदाची किंमत देव दत्त खटल्यात दिसते. सीमा सडक अभियांत्रिकी सेवेतल्या या अधिकाऱ्याला १९९३-९४ च्या गोपनीय अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी सलग पाच वर्षे ‘खूप चांगला’ आवश्यक होता. फक्त प्रतिकूल शेरे कळवायची पद्धत असल्याने, स्तुतिपर दिसणारा हा शब्द आपली वाट अडवतो आहे हे त्यांना कळवले गेले नाही. १२ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने संपूर्ण मूल्यमापन अहवाल कर्मचाऱ्याला दाखवण्याचा आदेश काढला. तोपर्यंत देव दत्त निवृत्त झाले होते. समोर एक आणि कागदावर दुसरे, ही सवय खाजगी कंपन्यांच्या अप्रेझलमध्येही आहे. वर्षभर ‘तुमच्याशिवाय पान हलत नाही’ ऐकलेल्या माणसाला मार्चअखेर मधली श्रेणी मिळते, तेव्हा त्याचा विश्वास श्रेणीवरून नाही, वर्षभराच्या शब्दांवरून उडतो.

चौथी अट, पडत्या वेळी टिकणे. काम यशस्वी झाल्यावर साक्षीदार पुष्कळ मिळतात. निर्णय फसला, ग्राहक चिडला, चौकशी लागली, तेव्हा ‘तिने त्या वेळी उपलब्ध माहितीवर योग्यच निर्णय घेतला होता, मीच मान्यता दिली होती’ असे म्हणणारा वरिष्ठ किती ठिकाणी सापडतो? कामाच्या जागेवरचे सगळ्यात घट्ट संबंध अशा एका वाक्यातून तयार होतात. वर्षभराच्या शाबासक्या त्याच्या पासंगाला पुरत नाहीत. आणि ते वाक्य प्रसंगी बोलले गेले नाही, तर आधीच्या साऱ्या शाबासक्या मागे जाऊन खोट्या ठरतात.

५. न दिसणारे काम

शाबासकी दिसणाऱ्या कामाच्या मागे धावते. एसटीत वर्षानुवर्षे विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकांचा सत्कार होतो आणि तो व्हायलाच हवा. पण विनाअपघात प्रवासात डेपोच्या कार्यशाळेत रात्री ब्रेक तपासणाऱ्याचाही वाटा असतो. त्याचे यश म्हणजे काहीही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. रुग्णालयात संसर्ग न पसरणे, हिशेबात चूक न निघणे, संगणक यंत्रणा बंद न पडणे ही सगळी याच जातीची यशे. शाबासकीची पद्धत जितकी जोरात राबवाल तितके दिसणारे आणि न दिसणारे यांच्यातले अंतर वाढते, कारण आधीच उजेडात असलेल्यांवर अजून एक दिवा पडतो.

आपल्याकडे या अंतराला जातीची जुनी बैठक आहे. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये दाखवून दिले की, जात फक्त कामे वाटत नाही, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून उतरंडीत लावते. आजच्या कार्यालयात ती उतरंड नियमात नसते, नजरेत असते. मजला पुसणाऱ्या बाईंचे नाव मजल्यावरच्या किती जणांना ठाऊक असते? त्या कंत्राटदाराच्या नोकर असल्याने कौतुकाच्या कोणत्याही योजनेत बसत नाहीत. महिला दिनी त्यांना गुलाबाचे फूल मिळते आणि रजेचा प्रश्न मात्र ‘कंत्राटदाराशी बोला’ म्हणून परत येतो. मान्यतेचा प्रश्न इथे शब्द वाढवून सुटत नाही. कोणाचे काम ‘काम’ म्हणून मोजले जाते, हे बदलावे लागते.

६. साक्षीला परिणाम हवा

२२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशा सेविकांचा जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्काराने गौरव केला. करोनाच्या काळात दारोदार फिरलेल्या या स्त्रियांना तो सन्मान योग्यच होता आणि तो देणाऱ्यांनी त्यांचे काम जाणून दिला होता. पण देशात त्यांचा दर्जा ‘स्वयंसेविका’चा आणि मिळकत मानधनाची व कामागणिक मोबदल्याची. महाराष्ट्रातल्या आशांनी या पुरस्काराच्या आधी, जून २०२१ मध्ये, संप केला होता. पुरस्कारानंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, पुन्हा करावा लागला. दोन्ही वेळा मुख्य मागणी मोबदल्याची होती.

यावरून सन्मान निरर्थक असतो असे ठरत नाही. ठरते ते हे की, सन्मान करणाऱ्याने त्याच्या हाती असलेला परिणाम रोखून धरला, तर सन्मानच आरोपपत्र बनतो. ‘तुमचे काम एवढे मोलाचे आहे’ हे तुम्हीच म्हणालात. मग ते मोल कुठे आहे? टाळ्या आणि थाळ्या वाजवून कोणाच्याही तोंडाला पाने पुसता येत नाहीत, कारण ज्यांना काम येते त्यांना हिशेबही येतो.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप: साध्या गोड शब्दांचाही परिणाम होतो, हे सिद्ध झाले आहे. होय. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या २०१० सालच्या अभ्यासात, एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मिळवणाऱ्यांना भेटून संचालिकेने आभार मानले आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे फोन सुमारे दीडपट झाले. पण तिथे झाले ते आभारप्रदर्शन. आभार मानणारा स्वतःला ऋणी म्हणून मांडतो. तो समोरच्याला मोजत नाही. म्हणूनच आभार वरून खाली, खालून वर आणि बरोबरीने, कसेही मानता येतात. हा पुरावा शाबासकीपेक्षा साक्षीच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप: मग काय, वरिष्ठांनी तोंड बंद ठेवायचे? मुळीच नाही. कौतुक केले की माणूस शेफारतो, डोक्यावर चढतो, ही आपल्या घराघरांतली आणि कार्यालयांतली जुनी समजूत मला खोट्या स्तुतीइतकीच अप्रामाणिक वाटते. पाहिलेले चांगले काम न सांगणे ही साक्ष दडवणे आहे. ‘काही बोललो नाही म्हणजे बरेच आहे असे समजा’ म्हणणारा साहेब संयमी नसतो, कंजूष असतो.

तिसरा आक्षेप: हाताखाली चाळीस माणसे असताना प्रत्येकाचे काम पाहायला वेळ कुठून आणायचा? हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर असे की, साक्षीचा मक्ता वरिष्ठाकडे असूच नये. काम सगळ्यात जवळून पाहतात ते सहकारी. अहवाल ज्याने लिहिला त्याचे नाव अहवालावर असावे. बैठकीत आकडे मांडणाऱ्याने ते कोणी गोळा केले हे सांगावे. पाळी बदलताना रात्रपाळीने काय सांभाळले याची नोंद दिवसपाळीने वाचावी. या पद्धतींना भाषणे लागत नाहीत आणि त्यांत मर्जीला वाव कमी असतो. श्रेय उदारपणे वाटण्यापेक्षा ते चोरता येणार नाही अशी व्यवस्था करणे जास्त टिकाऊ.

चौथा आक्षेप सगळ्यात खोल आहे: माणसाला स्तुती हवीच असते, तिच्या खरेपणाची एवढी चिकित्सा तो करत नाही. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७५९ साली या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथाआधी लिहिलेल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात ते सांगतात की, माणसाला स्तुती हवी असते आणि स्तुतीस पात्र असणेही हवे असते. न केलेल्या कामाची स्तुती शहाण्या माणसाला सुख देत नाही. कामाच्या जागी याचा अनुभव रोज येतो. आपले काम सुमार झाले आहे हे स्वतःला माहीत असताना मिळालेल्या टाळ्या माणसाला सांगतात की, इथे चांगल्या आणि सुमार कामातला फरक कोणाला दिसत नाही. चांगले काम करणाऱ्याला यापेक्षा एकटे पाडणारी बातमी नसते.

८. निवाडा

कौतुकाने संबंध सुधारतात हे विधान अर्धे खरे आहे आणि त्याचा अर्धा खोटा भाग सध्या जास्त चलनात आहे. ज्या संस्थेत श्रेय लाटले जाते, शेरे दडवले जातात, मोबदला रोखला जातो, तिथे शाबासकी वाढवणे म्हणजे अविश्वासाला बोलायला आणखी एक विषय देणे. जिथे काम पाहिले जाते, नावानिशी नोंदले जाते, त्याचे फळ मिळते आणि चूक झाल्यावरही माणूस एकटा पडत नाही, तिथे शाबासकी कमी मिळाली तरी फारसे अडत नाही. मिळाली तर ती खरी वाटते.

म्हणून अधिकारपदावर असलेल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. पुढच्या वेळी कोणाला ‘उत्तम काम’ म्हणाल, तेव्हा तेच वाक्य, त्याच तपशिलासह, त्याच्या मूल्यमापन अहवालात लिहा आणि तुमच्या वरिष्ठांसमोर त्याच्या नावाने बोला. तसे लिहायची तयारी नसेल, तर ते तोंडानेही म्हणू नका.